नोंद पहिली, माणसं शून्य

निंबोळखेड, ता. मोताळा
९ मार्च १९८८

सहदेव,

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिली नसती. पण काल पुनर्वसन कचेरीनं आपल्या गावाची यादी शाळेच्या भिंतीला डकवली. तिच्या शेवटी पुण्याच्या तुझ्या कॉम्प्युटर कंपनीचं नाव आहे आणि त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तुझं. म्हणून लिहिते आहे. बहीण म्हणून नव्हे, धरणग्रस्त समितीची अध्यक्ष म्हणून.

कागद देखणा आहे. दोन्ही कडांना भोकं, मध्ये फिकट हिरवे पट्टे. अशा उंची कागदावर आमची नावं इंग्रजीत छापली आहेत. ज्यांची घरं बुडणार त्यांना वाचता येऊ नये, एवढी काळजी इंग्रजांनीसुद्धा घेतली नव्हती. ते निदान दवंडी मराठीत पिटत. तेव्हा स्टुलावर चढून ती सगळी यादी मी मोठ्यानं वाचली.

पहिलं नाव उत्तमराव पाटलांचं. चौदा माणसांचं खटलं, अकरा खणांचं घर. तुझं यंत्र म्हणतं: माणसं शून्य, घर दहा फूट बाय दहा फूट, झाड एक, नव्या गावठाणात भूखंड शून्य.

मग मागून आपला कचरू म्हणाला, "मशीन खरं बोलते बे! त्या घरात मानूस हायेच कोन?"

गाव हसलं. मीही हसले, लपवत नाही. उत्तमराव लाल झाले. "बाई, हे तुमच्या सहदेवाचंच काम न?" मी म्हटलं, "हो, त्याचंच." त्या वेळी मला वाटलं, आयुष्यात एक तरी चांगलं काम केलंस.

पण पुढं वाचत गेले तसं हसणं आटलं. एकाचंही माप बरोबर नाही. आणि शेवटचं नाव अमीरबीचं, एकशे सतरावं. तुला अमीरबी आठवते की पुण्याच्या हवेत तीही गेली? तिनं पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर तू झोपायचास आणि घरी आलास की नाकाकानातून कापूस निघायचा. तिच्या घरात आज नऊ माणसं आहेत: ती, मुलगा शकूर, सून बानो, पाच नातवंडं आणि विधवा नणंद. चार खण घर, पिंजणासाठी पडवी, अंगणात निंब. तुझं यंत्र म्हणतं: माणूस एक, घर एक खण, झाड नाही, भूखंड लहान. लहान म्हणजे किती, तर तिची पडवी मावणार नाही एवढा. यादीत तिच्या अलीकडचा कचरू, ज्याला ना बायको ना पोर, ज्याची झोपडी वाऱ्यानं दरवर्षी कूस बदलते, त्याला मिळाली अकरा माणसं आणि मोठा भूखंड.

"आता मले लगन कराच लागते," कचरू म्हणाला. पण या वेळी कोणी हसलं नाही, कारण अमीरबी पुढं आली होती. तिनं मला विचारलं, "बाई, नऊतले आठ कोनते मेले, थे तं वाचून दाखवा."

मी सभा गाजवल्या आहेत, सहदेव. मंत्र्यांना स्टेजवर घाम फोडला आहे. त्या बाईसमोर मी स्टुलावरून खाली उतरले.

हरकतीची मुदत पंधरा एप्रिल. वीस तारखेला भूखंडांच्या चिठ्ठ्या. त्यानंतर कागदावर जे असेल तीच जमीन. पडवी नसली तर पिंजण कुठं मांडायचं आणि पिंजण नसलं तर नऊ तोंडांनी काय खायचं, याला तुझ्या यंत्रात रकाना आहे का?

नावांची यादी मी स्वतः दिली आहे, आपल्या आबांच्या गावनोंदीच्या वहीवरून, माझ्या अक्षरात. तिच्यात चूक नाही. मापांची यादी तलाठ्यानं दिली, तीही त्याच वहीच्या क्रमानं. तेव्हा चूक यंत्राची, म्हणजे तुझी. त्याच्या पोटात तू जे लिहिलं आहेस ते सगळं मला पाठव. मला कळणार नाही या भ्रमात राहू नकोस. माणसानं लिहिलेलं माणसाला कळतं. कळू नये म्हणून लिहिलेलंही कळतं.

सत्यभामा

•

निंबोळखेड
२३ मार्च १९८८

सहदेव,

पाकीट मिळालं. नऊ पानं प्रोग्राम आणि एका पानाचं पत्र. आधी पत्राबद्दल.

"बाई, प्रोग्राम बरोबर आहे. डेटा तपासा." पाच वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात एवढंच. डेटा तपासा! डेटा म्हणजे काय रे? अमीरबी डेटा आहे? लहानपणी मोताळ्याच्या बाजारात हरवला होतास, तेव्हा हा डेटा तुला कडेवर घेऊन तीन कोस चालत आला होता.

आता तुझी भाषा. तिचं नाव म्हणे सी. भाषेला नाव ठेवायलासुद्धा तुमच्याजवळ एकच अक्षर निघालं! ही भाषा मी आठ दिवस वाचते आहे. हिच्यात बोलण्यापेक्षा कंस जास्त. हिच्यात प्रश्न विचारता येत नाही, विनंती करता येत नाही, नुसत्या आज्ञा. हुकूमशहांची भाषणं मी पुष्कळ वाचली आहेत. तीही इतकी कोरडी नसतात.

पण वाचली. समजली तशी सांगते, चुकत असेन तर दाखव.

तू दोन फायली केल्यास. एकीत नावं, दुसरीत मापं. नावाच्या फायलीत प्रत्येक माणसाला चौसष्ट अक्षरांची जागा. नाव लांब असलं तर शेपूट छाटायचं, आखूड असलं तर कोऱ्या जागांनी भरायचं. पाटलाला चौसष्ट, पिंजारणीला चौसष्ट. एवढी समता या गावानं कधी पाहिली नाही आणि ती आणायला माणसाची लांबी कापावी लागली. मापांच्या फायलीत प्रत्येक घराला सोळा जागा. तिथं नाव नाहीच. माणसं, खण, लांबी, रुंदी, पडवी, झाडं, नुसते आकडे.

आता कोणाला तिसावी नोंद हवी असली तर तुझं यंत्र पहिल्या घरापासून शोधत जात नाही. ते गुणाकार करतं. आधीच्या एकोणतीस नोंदी, गुणिले चौसष्ट. तेवढ्या जागा ओलांडून एकदम उडी मारतं आणि तिथून पुढची चौसष्ट अक्षरं उचलतं. मग दुसऱ्या फायलीत तसंच, एकोणतीस गुणिले सोळा. दोन्हीकडं तिसावं जे सापडेल ते एकाच घराचं, असं धरून चालतं. मधल्या एकोणतीस जणांकडं बघत नाही. पोचल्यावर, तुम्ही कोण हो, असंही विचारत नाही.

याचा तुला अभिमान आहे. "थेट जातं, वेळ लागत नाही," असं तू पत्रात रेघ मारून लिहिलं आहेस. आपला जुना टपालवाला उकंडराव आठवतो? डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी दारं मोजत मोजत टपाल वाटायचा. पण दारात उभा राहून हाक मारायचा, "कोन हाये घरात?" आवाज ओळखला की मगच पत्र हाती द्यायचा. तुझं यंत्र म्हणजे हाक न मारणारा उकंडराव.

दुसरं. परवा मोताळ्याला सभा झाली. चार गावं आली होती. मी बोलले. ज्यानं अमीरबीची आठ माणसं खाल्ली तो माझा सख्खा भाऊ आहे, हे मी नाव घेऊन सांगितलं. साहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायला मिळालं की माणूस गाव विकतो, असंही सांगितलं. टाळ्या पडल्या. तसा अर्ज लिहून, त्यावर गावाच्या सह्या आणि अंगठे घेऊन, एक प्रत कचेरीला आणि एक तुझ्या कंपनीला पाठवली आहे. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. मी पाठीमागून वार करत नाही.

सत्यभामा

•

निंबोळखेड
४ एप्रिल १९८८

सहदेव,

उत्तमरावांचा जावई पुण्याहून आला होता. तो म्हणाला, कंपनीनं तुला कामावरून बाजूला बसवलं आहे. खुलासा समाधानकारक झाला तर ठीक, नाहीतर घरी. हे तू मला कळवलं नाहीस. बरं केलंस. मला त्यात काही म्हणायचं नाही. चूक करणाऱ्यानं भोगायचं असतं.

आणि चूक मला सापडली आहे.

शाळेतली चौकटीची वही घेतली. एक ओळ म्हणजे एक नोंद, असं धरून तुझा प्रोग्राम हातानं चालवला. तू जिथं उडी मारतोस तिथं मी बोट ठेवलं, तू जेवढं उचलतोस तेवढं मी उचललं. तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं. सहदेव, तुझ्या नोंदीत क्रमांक कुठंच लिहिलेला नाही! एकशे सतरा माणसं आणि एकाच्याही अंगावर त्याचा नंबर नाही. तो जिथं बसला आहे, ती जागाच त्याचा नंबर. उठला की गेला. पुढचा एक जण उठला तर मागच्या सगळ्यांचे नंबर बदलले, आणि कोणाला पत्ता नाही!

याला तुम्ही रचना म्हणता? आबा सातवी पास होते. त्यांनी गावातल्या घरांची वही तीस वर्षं लिहिली. घरातला कर्ता गेला की आबा त्याच्या नावावर तांबडी रेघ मारत आणि नंबर तसाच ठेवत. त्याच्या मुलाला नवा आकडा शेवटी. "मेलेल्याचा नंबर दुसऱ्याले देऊ नये," म्हणत. मी त्याला अंधश्रद्धा समजत असे. ती अंधश्रद्धा नव्हती, हिशेबी शहाणपण होतं आणि ते पुण्यात शिकवत नाहीत. प्रत्येक नोंदीत वहीतल्या नंबरासाठी चार जागा ठेवल्या असत्यास तर यंत्रानं निदान ताडून पाहिलं असतं, की हा तोच का. चार जागा! फ्लॉपीवर जागा नव्हती, असं लिहू नकोस. अमीरबीलाही तेच सांगतात, की जागा नाही.

म्हणून आता एक कर. मापांची फाईल जशी आहे तशी, नावं न जोडता, ओळीनं छापून पाठव. कोणत्या घरापासून घसरली ते मी शोधते. हरकतीला अकरा दिवस राहिले आहेत.

गावाची खबर तुला हवी आहे की नाही, माहीत नाही. परवा हनुमान जयंती झाली. या जागेवरची शेवटची. मी गेले नाही, हे सांगायला नको. जेवणं उठल्यावर दहा-बारा जण घरी आले. म्हणाले, मारुतीचं काय? नव्या गावठाणात त्याला जागा कोणती? मी सांगितलं, दगडाला भूखंड लागत नाही. माणसांना पुरत नाही तिथं देवाला कुठून? कचेरीला नावं दिली तेव्हाच, जानेवारीत, मी त्याची ओळ गाळली आहे. आबांच्या वहीत पहिला नंबर मारुतीचा, दुसऱ्यापासून माणसं, हे तुला ठाऊक आहे. कोणतीही यादी करायची तर पहिली ओळ त्याची, ही या गावाची जुनी खोड. मी ती मोडली. उत्तमरावांपासून नव्यानं एक, दोन, तीन लिहिलं. समितीत कोणी हूं की चूं केलं नाही. सत्यभामाबाई बोलल्या की या गावात कोणी बोलत नाही.

तेवढीच एक ओळ मी गाळली, तीही माणसाची नव्हे.

छापील फाईल लवकर पाठव.

सत्यभामा

•

निंबोळखेड
९ एप्रिल १९८८, शनिवार

सहदेव,

छापील फाईल आली. सोबतचं पत्र मी आधी वाचलं नाही. आधी आकडे वाचले.

शेवटून वाचायला लागले, कारण शेवटी अमीरबी. शेवटच्या ओळीवर आकडा आहे एकशे अठरा. नावं एकशे सतरा आणि मापं एकशे अठरा. मी पुन्हा मोजलं. ती एकशे अठरावी ओळ अशी: माणसं नऊ, खण चार, पडवी एक, झाड एक.

निंब. नऊ जणांचं ते घर तुझ्या फायलीत जसंच्या तसं उभं होतं, सहदेव. आठांपैकी कोणी मेलं नव्हतं. फक्त त्यांना बोलवायला नाव नव्हतं.

मग वर गेले. पहिली ओळ: माणसं शून्य. दहा फूट बाय दहा फूट. झाड एक.

घरातून रोज दिसणारा मारुतीचा पार आणि त्याचा पिंपळ. तलाठ्यानं माप घेतलं, कारण आबांच्या वहीत पहिला नंबर त्याचा होता आणि माप घेताना त्याला कोणी भाषण ऐकवलं नव्हतं. मी नावातून तो काढला, मापातून काढला नाही. म्हणून उत्तमरावांना मारुतीचं माप गेलं, दुसऱ्याला उत्तमरावांचं, तिसऱ्याला दुसऱ्याचं. असं सगळं गाव एकेक घर मागं सरकत गेलं आणि शेवटी अमीरबीच्या वाट्याला कचरूची झोपडी आली. तिचं स्वतःचं घर फायलीच्या टोकाला तसंच राहिलं. यंत्रानं दारं बरोबर मोजली होती. पहिलं दार मी बुजवलं होतं.

यानंतर तुझं पत्र वाचलं.

तुला माझ्या गेल्या पत्रावरूनच कळलं होतं. अर्थात कळलं असणार. तुझं पत्र इथं उतरवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुलाही दिसेल. "बाई, मापांची फाईल उघडताना क्रमांकात एक मिळवायचा. एका ओळीचं काम आहे. मी नवी फ्लॉपी करून कचेरीला पाठवतो. यादी सुधारेल. कोणाला काही सांगायची गरज नाही. तुम्ही गावात आहात, तुम्हाला तिथं उभं राहायचं आहे."

अधिक एक! तू माझ्यावर दया करतोस?

प्रोग्रामात एक मिळवलास की चूक प्रोग्रामाची ठरते, हे तुला कळत नाही का? कंपनी म्हणेल, बाईंचा अर्ज खरा होता, यानं गुपचूप दुरुस्ती केली. तुझी नोकरी जाईल आणि मी इथं मोताळ्याच्या सभेत आणखी टाळ्या घेईन. याला तू उपकार म्हणतोस? मी आयुष्यभर ज्यांच्यावर थुंकले त्यांच्यात मला नेऊन बसवतोस, वर म्हणतोस, "तुम्हाला उभं राहायचं आहे." कशावर उभी राहू? तुझ्या अधिक एकावर?

तुझी फ्लॉपी पाठवायची नाही. पाठवलीस तर मी ती कचेरीच्या दारात मोडीन.

आणि तुझी चूक मी सोडलेली नाही. नोंदीत नंबर नव्हता ही चूक तुझी. आबांच्या वहीतला नंबर मागितला असतास तर यंत्र पहिल्याच ओळीला अडखळलं असतं. पण तू पायरी बांधताना कठडा विसरलास आणि मी ढकललं. यातला फरक मुलांना शिकवत मी तीस वर्षं काढली.

मी सोमवारी कचेरीत जाते.

आज शनिवार. पारावर कोणीतरी दिवा लावला आहे, दारातून दिसतो. आबा जाऊन पाच वर्षं झाली. त्यांनी सांगून ठेवलेला नारळ मारुतीपुढं फोडायला तू निघालास आणि मी तो तुझ्या हातातून काढून घेतला, तोही शनिवार होता. तू न जेवताच निघून गेलास.

सत्यभामा

•

निंबोळखेड
२१ एप्रिल १९८८

सहदेव,

झालं ते क्रमानं लिहिते. सजवून सांगायची सवय आहे, ती आज बाजूला ठेवली आहे.

सोमवारी साहेबांना भेटले. त्यांना सगळं समजावून सांगायला अर्धा तास गेला. उडी, चौसष्ट, सोळा. त्यांनी चहा मागवला. मला वाटलं, समजलं. मग म्हणाले, "बाई, छापलेली यादी अशी बदलता येत नाही. कोणाची चूक, ते लेखी पाहिजे. कंपनीची लिहून द्या, लगेच बदलतो. तुमचा पहिला अर्ज आहेच." केवढी सोय केली होती त्यांनी! कागद पुढं सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. सरकारी माणूस इतका तत्पर मी प्रथमच पाहिला.

मी लिहिलं: "नावांच्या यादीतील पहिली ओळ मी, सत्यभामा, स्वतःच्या अखत्यारीत व गावाच्या रीतीविरुद्ध गाळली. त्यामुळे सर्व मापे एका घराने सरकली. संगणकाचे काम दिलेल्या यादीप्रमाणे योग्य झाले. यापूर्वीचा अर्ज मी मागे घेते. त्यातील माझ्या भावाविषयीचा मजकूर खोटा आहे." खाली सही. प्रत तुझ्या कंपनीला रजिस्टरनं गेली आहे, पावती सोबत आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "एवढं कशाला लिहिता? नुसतं 'नजरचुकीने' लिहा." मी म्हटलं, "नजर चुकली नव्हती. नजर तिथंच होती."

मग गाव. अर्जावर त्यांच्या सह्या घेतल्या होत्या, तेव्हा मागे घेताना त्यांना सांगणं भाग होतं. गाव बसतं कुठं? पारावर. मी जन्मात त्या पाराची पायरी चढले नव्हते, चढले. मारुतीकडं पाठ करून उभी राहिले, कारण लोक समोर होते. भाषण तयार नव्हतं. तीन वाक्यांत सांगितलं.

पहिल्यांदा उत्तमराव बोलले. "म्हन्जे महिनाभर मारुतीच्या जागी मी होतो? मंग नैवेद्य काऊन नाही आनला कोनी?" लोक हसले. उत्तमरावही हसले. तो माणूस माझ्यावर हसू शकला असता, गेल्या महिन्यात मी त्याच्यावर हसले तशी. त्यानं ते केलं नाही. हे मी नोंदवून ठेवते.

कचरू म्हणाला, "माह्यं लगन मोडलं म्हना न मंग!" आणि थोडं थांबून, "बरंच झालं. यवढी जागा रोज झाडाले मले मानूस ठेवा लागला असता."

अमीरबी खालीच उभी होती. मी पारावरून उतरून तिच्याजवळ गेले. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "तुमी आमच्या मारुतीले काढलं, बाई, अन् मी गेली. मारुती हिंदूचा, मी मुसलमान, तरी त्याच्याच मांगं मी. कोनाचा नंबर कोनाले टेकून हाये, थे पाहून तं काढाचं होतं."

मी म्हटलं, "अमीरबी, चुकलं माझं."

"हाव, चुकलं." एवढंच म्हणाली. नाही-नाही, तुम्ही कशाला, असं काही नाही. मला ते बरं वाटलं.

नावांची फाईल पुन्हा भरली. कचेरीत जो टंकलेखक आहे, त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन मी बसले. पहिल्या नोंदीला तो थांबला. "मारुतीच्या आडनावाच्या जागी काय टाकू, बाई?" मी म्हटलं, "कोरी ठेवा. कोऱ्या जागाही मोजल्या जातात." मग उत्तमराव, मग सगळं गाव आणि शेवटी एकशे अठरावी, अमीरबी. त्यानं बटण दाबलं. यंत्रानं गुणाकार केला, उडी मारली आणि नऊ माणसं घेऊन परत आलं. चार खण, पडवी, निंब. मी सव्वा महिना त्या यंत्राला शिव्या दिल्या. त्याला काही वाटलं नाही. तेवढ्यापुरता मला त्याचा हेवा वाटला.

काल चिठ्ठ्या झाल्या. अमीरबीला मोठा भूखंड मिळाला, कोपऱ्यावरचा. शकूरनं लगेच पावलं टाकून पिंजणाची जागा मोजली. बानो म्हणाली, "पह्यले निंब लावा, मंग पिंजन," आणि सासूसून तिथंच भांडल्या.

आता शेवटचं. भूखंड घेताना प्रत्येक ओळीपुढं घेणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो. साहेब यादी घेऊन बसले होते. पहिली ओळ वाचली. माणसं शून्य. यंत्रानं पुढं भूखंडही शून्य छापला होता. तो साहेबांनी तांबड्या शाईनं खोडून हातानं 'एक, सार्वजनिक' केला. मग चष्मा वर करून म्हणाले, "हे कोण घेणार?"

पुजारी मोताळ्याला गेलेला. उत्तमराव पुढं होऊ शकले असते, झाले नाहीत. सगळे माझ्याकडं पाहत होते. अमीरबीसुद्धा.

मी देव मानत नाही, सहदेव. कालही मानत नव्हते, उद्याही मानणार नाही. तो पिंपळाखालचा दगड आहे आणि त्याला शेंदूर लावल्यानं तो दगडाचा दुसरं काही होत नाही. हे मी पारावर उभी राहूनही सांगेन. पण या माणसांनी स्वतःला मोजायला सुरुवात तिथून केली आहे आणि मला न विचारता केली आहे. त्या दगडाला पुढच्या एकशे सतरा घरांचे नंबर टेकलेले आहेत, एवढं आता मला आकड्यांत दाखवता येतं.

मी सही केली. 'मारुती' या नावापुढं, घेणाऱ्याच्या रकान्यात, सत्यभामा. ती कधीतरी कोणी वाचेल आणि म्हणेल, ही बाई मोठी भाविक असावी. म्हणू दे.

नवं गावठाण पावसाआधी वसवायचं आहे. मारुती हलवायचा दिवस लोक ठरवताहेत. तू ये. तुझ्या कंपनीनं तुला पुन्हा टेबलाशी बसवलं, हे उत्तमरावांच्या जावयाकडून कळलं आहे, तेव्हा रजा मिळत नाही असं लिहू नकोस. येताना आबांच्या नावाचा नारळ घेऊन ये. तू फोडशील तेव्हा मी तिथं उभी राहणार नाही. घरी स्वयंपाक करत असेन. पण तुझ्या हातातून तो काढून घेणार नाही.

आणि या वेळी जेवून जा.

तुझी
बाई

(पुढच्या गावाची यादी करशील तेव्हा नोंदीत नंबरासाठी चार जागा ठेव. हे विनंती म्हणून लिहीत नाही.)